लेणी? क्या लेनी है?

"दिवाळीच्या सुट्टीत लेणी पाहायला जायचं," असं मी तेलीबांध्याच्या घरी जेवताना जाहीर केलं, तर माझी पोट्टी म्हणते, "लेनी? क्या लेनी है? पंडरी चलें?"

मी कपाळावर हात मारला. जन्मापासून रायपुरात वाढलेली पोरगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिला वाटलं, पंडरीच्या बाजारात कपडे घ्यायचेत.

हट्ट खरं तर माझ्या आईचा. तिचे वडील चंद्रपूरजवळ भांदकला रेल्वेत होते. आठ-नऊ वर्षांची असताना ती मैत्रिणींसोबत तिथल्या विजासनच्या बौद्ध लेण्यांत शिरली होती. टेकडीत कोरलेला लांबच लांब बोळ आणि टोकाला बुद्धाची मूर्ती. अर्ध्यात वटवाघूळ अंगावर आलं आणि ही पळाली. मूर्ती पाहायची राहिली ती राहिलीच. आता काचबिंदूनं तिची नजर चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भर उजेडात अजून थोडं दिसतं, ऊन कललं की संपलं. "सकाळीच नेजो मले," एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण आमचे हे! चंद्रपूरला मुक्काम केला तर म्हणाले, ताडोबा इतकं जवळ आहे, सकाळची सफारी करून घेऊ. "लेणी काय पळून चालली का? इतकी शतकं तिथंच आहेत."

"लेणी राहतील हो. आईचे डोळे राहतात का?" मी विचारलं. तोवर ह्यांनी जिप्सी ठरवूनही टाकली होती.

वाघ दिसला नाही. चितळं दिसली, माकडं दिसली, आणि आमच्यासारख्याच वैतागलेल्या माणसांच्या चार जिप्सी. लेण्यांसाठी रायपूरहून मुद्दाम आणलेला मोठा टॉर्च ह्यांनी पहाटे झाडीत वाघ शोधायला काढला आणि जिप्सीतच विसरले. मग ह्यांना भूक लागली. मग वाटेत तळं लागलं, पोट्टीला रील करायची होती, ती पाच वेळा केली, कारण केस उडत होते. मी गाडीत बसून दात खात होते. मागच्या सीटवरून आई दर थोड्या वेळानं विचारायची, "ऊन आहे नं अजून?"

"हव, आहे," मी म्हणायची. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते खोटं होतं.

पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. फाटकावरचा माणूस म्हणाला, "ताई, लवकर करा, बंद करून राहिलो." हे गाडी वळवायला थांबले. आम्ही तिघी आत शिरलो. दहा पावलं गेलो नाही तोच आई थबकली.

"मले काहीच नाही दिसून राहिलं," ती म्हणाली. तक्रारीनं नाही, साधंच म्हणाली, त्याचाच मला जास्त राग आला. ह्यांचा आला, पोरीचा आला, आणि दिवसभर आतल्या आत चरफडत बसून एकदाही गाडी वळवा म्हणाले नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त.

पोट्टीनं मोबाइलचा उजेड लावला. रील करून करून बॅटरी संपत आलेली. तिनं आजीचा हात धरला. आई भिंत चाचपत चालली, वटवाघळांचा वास आला तशी एकदा थांबली, पण वळली नाही. टोकाला पोचलो.

"कसा आहे?" आईनं विचारलं.

"आजी, वो ऐसे बैठे हैं..."

"मराठीत सांग. हिंदीत सांगितलं त मले नाही दिसत."

मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात पोरगी अडखळत बोलली, "बुद्ध... बसून राहिले. मांडी घालून. कान लंबे आहे. हात गोदीत... नाही, मांडीत." मोबाइलचा उजेड विझला. तिनं आजीचा हात सोडला नाही. "चेहरा थोडा घिसला. डोळे... डोळे बंद वाटते, आजी."

"त्यायचेही?" आई म्हणाली आणि हसली.

बाहेरून ह्यांचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. त्या मिट्ट काळोखात आई जागची हलली नाही.

"अजून सांग," ती म्हणाली.