राक्षस पडेपर्यंत

दिग्रसच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावात दसऱ्याचं सोनं वाटायला वेगळा मुहूर्त नव्हता. शिवेवरच्या मैदानात गावचीच मंडळी खेळ करत. त्यातला राक्षस राजाचा बाण लागून पडला की सोनं वाटायचं. त्याआधी कोणी कोणाच्या हातावर आपट्याचं पान ठेवत नसे.

राक्षस माझा थोरला भाऊ व्हायचा. अंगाला काळा रंग फासून तो गल्लीतून निघाला की बाया तान्ही लेकरं पदराखाली घेत. तोंड धुतल्याशिवाय त्याला कोणी सोनं देत नसे. त्याला याचं हसू येई. राजा व्हायचा तो पाटलांचा पुतण्या, गोरा, गोड गळ्याचा.

साठ सालाच्या आसपास एका वर्षी राजाचा चांदीचा मुकुट देवळातल्या पेटीतून नाहीसा झाला. पेटीला किल्ल्या दोन. एक पाटलांच्या घरी, दुसरी भावाकडे, कारण राक्षसाच्या मिशा आणि कपडे त्याच पेटीत असत. संशय मात्र एकाच किल्लीवर आला.

"त्याचा डोळा पाहा न, पयल्यापासूनच तसा हाये," पारावर कोणी तरी म्हणालं.

तो डोळा दरवर्षी काजळानं मीच काढून देत असे.

मी तेव्हा यवतमाळला शिकत होते आणि जुन्या वीरकथा वाचण्याचा मला नाद होता. त्यांत दुष्ट माणूस आल्या आल्या ओळखू येतो. सज्जनाला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही, सांगणारे दुसरे असतात. सुट्टीत घरी आले आणि मीही भावावर नजर ठेवू लागले. जेवताना तो दाराकडे का पाहतो, किल्ली कमरेलाच का ठेवतो. तो काही बोलत नव्हता, आणि मला त्याचंही काही तरी वाटे.

दिग्रसच्या टिनवाल्या चाचांनी रॉकेलच्या डब्याचा मुकुट करून दिला. "दूर से देखो तो राजा, पास से डब्बा," ते म्हणाले.

दसऱ्याला बाण लागला. भाऊ पडला नाही.

ढोल थांबला. राजानं दुसरा बाण मारला. भाऊ उभाच. हातात पानं घेऊन सगळं गाव ताटकळलेलं, ऊन पळसांच्या शेंड्यांवर गेलेलं.

"पड ना भाऊ," राजा ओठ न हलवता म्हणाला. मी अगदी पुढे होते, मला ऐकू आलं.

"आधी सांग सगळ्याइले. मुकुट म्या नेला का?"

"खेळ झाल्यावर सांगतो न."

"खेळ झाल्यावर मी मेलेला राह्यतो. मेल्या माणसाचं कोण आयकते?"

मागून एका बुढीचा आवाज आला, "मर ना रे बापा, मले घरी दिवा लावाचा हाये." लोक हसले. भाऊ हसला नाही.

राजानं टिनाचा मुकुट सावरला, आपल्या काकांकडे पाहिलं, आणि खेळातल्याच खड्या आवाजात म्हणाला, "यानं मुकुट नाही नेला. मले माहीत हाये."

भाऊ पडला. नेहमीपेक्षा हळू, जागा पाहून.

त्या दिवशी लोक रंगासकट त्याला सोनं द्यायला आले. तो पान घेई आणि देणाऱ्याचं तोंड पाही. राजा आला तेव्हा भावानं त्याचा हात सोडला नाही.

"तुले कसं माहीत?"

"सण हाये गड्या," राजा हसून म्हणाला आणि हात सोडवून पुढे गेला.

मुकुट मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ किल्ली देवळात ठेवून आला आणि पुन्हा कधी राक्षस झाला नाही. राजा बरीच वर्षं राजा होत राहिला.

गेल्या महिन्यात भाऊ वारला. भेटायला राजा आला, काठी टेकत. चहा घेतला नाही. निघताना दाराशी थांबला.

"भाऊनं तवा मले एक विचारलं होतं," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. तो खाली वाकून दुसरी चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायाशीच होती.