परवा म्हणजे कधी

काहीही लिहायच्या आधी ताई मनगट उलटं करायच्या. घड्याळाची तबकडी त्या आतल्या बाजूला ठेवत, त्यामुळे वेळ बघताना तळहात वर यायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी मागताहेत. एका रक्तदात्याने त्या तळहातावर खरोखर बिस्किटाचा पुडा ठेवला होता. ताईंनी तो बाजूला ठेवला, वेळ बघितली आणि त्याच्या नावापुढे लिहिली.

नाशिकमधल्या एका लहानशा रक्तपेढीत त्या नोंदी सांभाळायच्या. मी संगणकावर नोंदी करायला नवीन लागले होते. माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे दिवसातून वीसदा तरी तो प्रश्न कानावर पडायचा.

"कधीचं आहे हे?"

कोणी सांगितलं, बी पॉझिटिव्हच्या सहा पिशव्या आहेत, की ताई म्हणायच्या, "कधीच्या सहा?" वणीहून कोणी देवीचा प्रसाद आणला तरी आधी "कधीचा पेढा?" आणि मग कपाळाला लावून तोंडात. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो मी कौतुकाने दाखवला, तर चष्मा वर करून म्हणाल्या, "चांगला आहे मुलगा. फोटो कधीचा?" मी चिडले. पण पुढे प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा कळलं, की फोटो चार वर्षांपूर्वीचा होता आणि मधल्या काळात केसांनी साथ सोडली होती. लग्न मी केलं, तो भाग वेगळा.

'आत्ताच' या शब्दावर त्यांचा विशेष राग. तुम्हीच आठवून बघा, 'आत्ताच जेवलो' म्हणताना कधी पाच मिनिटं झालेली असतात, कधी दोन तास. "पिशवी आत्ताच गेली," असं कोणी म्हणालं की ताईंचं पेन हवेत थांबायचं. किती वाजता गेली ते कळल्याशिवाय ते खाली येत नसे. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक रक्तगटाच्या शिल्लक पिशव्या लिहिलेल्या असायच्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी वेळ. आम्ही सगळे पाठीमागे त्यांना 'कधीचंताई' म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं.

मी त्यांना एकदा शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "ताई, आता संगणकात तारीख-वेळ आपोआप पडते."

"तू टाइप कधी केलंस ते पडतं गं. घडलं कधी, ते त्याला कोण सांगणार?"

मी तर सकाळच्या नोंदी दुपारी चहा झाल्यावर एकदम टाइप करायची. "खोटी नोंद पकडता येते," त्या म्हणाल्या. "शिळी नोंद खरीच असते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही." मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं असतंच काहीतरी.

मग तो दिवस आला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. सिन्नरच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण बर्फाचा डबा हातात घेऊन काउंटरशी उभा होता. त्याची बायको इथल्याच एका दवाखान्यात होती. नववा महिना, गर्भाशयातली वार खाली सरकलेली, रक्तस्राव सुरू झालेला, आणि रक्तगट बी निगेटिव्ह.

"ताई, डॉक्टर म्हणत्यात, दोन पिशव्या हाताशी पायजे. येकीवर भागनार नाय. ऑपरेशन संध्याकाळपर्यंत कसंबी थांबवू म्हणे."

आमच्याकडे एकच होती. ओ निगेटिव्हही नव्हतं. शहरातल्या बाकीच्या रक्तपेढ्यांना फोन करून झाले. मग मी दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांची यादी उघडली. एक जण पुण्याला गेलेला, एकाला ताप, एकाचा फोन बंद. उरले निफाडचे एक द्राक्षबागायतदार. त्यांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'परवा रक्तदान'.

"हे चालणार नाहीत ताई. यांनी परवाच दिलंय. आता तीन महिने घेता येणार नाही."

मी यादी बंदसुद्धा केली होती. ताईंनी मनगट उलटं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कधीचं परवा?"

मी यादी परत उघडली. शेऱ्याला तारीख नव्हती. नोंद माझीच होती. पण ती मी कोणत्या दिवशी केली, आणि तो परवा मागचा की पुढचा, हे मला काही केल्या आठवेना. आपल्या भाषेत परवा दोन्हीकडे जातो, हे शाळेत कोणी आपल्याला धोका म्हणून शिकवत नाही.

ताईंनी तोवर फोन लावला होता. "भाऊ, शेवटचं रक्त कधी दिलंत?"

पलीकडून मोठा आवाज आला, मलाही ऐकू आला. "नाय ओ ताई! आमच्या गावात शिबिर व्हनार व्हतं, तवा म्या फोनवर त्या पोरीला बोल्लो, परवा देनार हाय म्हणून. पण शिबिरच रद्द झालं. साल झालं, कुठं दिल्यालं नाय."

"आज याल?"

"द्राक्षाची काढणी चालू हाय, पन येतो. निघालोच."

"काही खाल्लंय का?"

"भाकरी खाल्ली आत्ताच."

"आत्ताच म्हणजे किती वाजता?"

"नवाला, ताई, नवाला!"

तासाभरात ते मोटरसायकलवर हजर झाले. रक्त घेतलं, तपासण्या सुरू झाल्या. त्यांना काही तास लागतात आणि तिथे घाई चालत नाही. तो तरुण बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. ताईंनी त्याला दोनदा चहा दिला. दुपारी चारला दोन्ही पिशव्या घेऊन तो रिक्षात बसला.

ताई पाचला घरी जात. त्या दिवशी गेल्या नाहीत. सहा वाजून गेल्यावर फोन वाजला आणि तिकडून तो तरुण नुसता ओरडला, "मुलगी झाली ताई! दोघी बऱ्या हायेत!"

"किती वाजता रे?"

"आत्ताच!"

मी ताईंकडे बघत होते. त्यांनी मनगट उलटं केलं, पण घड्याळाकडे बघितलं नाही. तो तळहात तसाच डोळ्यांवर दाबून धरला. मग मीही रडले, मोकळी होऊन, अगदी हमसून.

मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, "तो शेरा तूच दुरुस्त कर. तारखेसकट." मी ती सगळी यादी, प्रत्येकाला फोन करून, नव्याने केली. आठवडा लागला.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि सटाण्याला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी जिन्यात मी विचारलं, "परत कधी येणार?" त्यांनी मनगट उलटं केलं, वेळ बघितली आणि हसून म्हणाल्या, "येईन की, परवा." त्यांच्या तोंडून तो शब्द उत्तर म्हणून मी पहिल्यांदाच ऐकला.

वर येऊन मी पांढऱ्या फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'ताई येणार, परवा'. वरचे आकडे दिवसभर पुसले जातात, ही ओळ कोणी पुसत नाही. परवा (म्हणजे गेल्या सोमवारी, सकाळी अकराला) नवीन आलेली तंत्रज्ञ फळ्यासमोर थबकली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मॅडम, हे कधीचं आहे? तारीखच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. विचारणारं कोणीतरी आलं होतं.

"राहू दे ते," मी म्हटलं. "अजून बरोबर आहे."