झोप न मोडणारी गाडी

प्रणव हल्ली त्याच्या जुन्या लष्करी गाडीचं, जोंगाचं, बॉनेट उघडून नुसता उभा राहायचा. हातात पाना नाही, फडकं नाही. कामावरून आला की वाडीच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा आणि इंजिनाकडे बघत राहायचा. दमयंतीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ दिसे. भाजी चिरताना, देवाला फुलं वाहताना, बँकेच्या रांगेत, कुठेही मध्येच तिला ती पाठ आठवे. मुलगा रडला असता तर तिने जवळ घेतलं असतं. चिडला असता तर ऐकून घेतलं असतं. नुसत्या उभ्या राहणाऱ्या माणसाचं आईने काय करायचं?

तसा तो लहानपणापासूनच अबोल. केळव्यात त्यांची नारळ-सुपारीची वाडी. वडील रामनाथ झाडांत रमणारे, आणि हा मात्र विहिरीवरच्या पंपाजवळ बसलेला. पंप बंद पडला की मिस्त्री येईपर्यंत याने अर्धा खोलून ठेवलेला असे. "हा झाडांचा नाही, लोखंडाचा आहे," रामनाथ म्हणायचे. डिप्लोमा करून तो बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. तिथे प्रताप भेटला. वयाने मोठा, हाताने तयार आणि तोंडाने फाटका. त्याच्याच ओळखीने लष्कराच्या लिलावातून सुटलेली ही जोंगा आली. तिचं इंजिन लांबलचक, एका रांगेत सहा सिलिंडर. ते दाखवताना प्रणवची वाचा फुटायची. "आई, चार सिलिंडरची गाडी धावते. ही वाहते बघ."

मग घिवलीची मेघाली सून म्हणून आली आणि घरात आवाज आला. ती मोठ्याने हसायची, मोठ्याने भांडी घासायची, सासऱ्यांनाही चिडवायची. तिला दिवस गेले तेव्हा प्रणवने आपणहून जाहीर केलं, "बाळाला घिवलीहून आणायला जोंगाच जाणार."

गाडी जवळजवळ तयार होती. अडलं होतं ते एका डब्यापाशी. इंजिन जी हवा ओढतं ती गाळणारा एअर क्लीनर लिलावाआधीच कुणीतरी काढून नेला होता, आणि कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं होतं. मूळच्यासारखाच, तेलातून हवा गाळणारा उंच गोल डबा एका भंगारवाल्याकडे मिळाला, पण प्रणवने इंजिनाखाली नवी जाड रबरं घातल्यामुळे इंजिन वर आलं होतं. डब्याला बॉनेट टेकेल की काय, अशी शंका होती.

"आई, लिंबाएवढी कणीक दे," एका रविवारी तो म्हणाला.

"भूक लागली का?"

"मला नाही. जोंगाला."

कार्बोरेटरच्या तोंडावर ताटली ठेवायची, तिच्यावर कणकेचा उंच गोळा, आणि बॉनेट हळूच लावून उघडायचं. गोळा दबून जेवढा उंच उरला तेवढी जागा. मेघाली सातव्या महिन्याचं पोट सांभाळत स्टुलावर बसून हा खेळ बघत होती. प्रणवने माप घेतल्यावर तो गोळा तिने उचलला, काडीने दोन डोळे केले, तोंड केलं. बॉनेटखाली दबलेली बाजू वर करून म्हणाली, "बघा आई, नाक चपटं आलं. बापावर गेलंय."

"माझं नाक चपटं आहे?" प्रणव म्हणाला.

"नाय तर काय! माझ्या आईने लग्नाच्या आदीच सांगितलेलं."

माप सांगत होतं की उंच डबा बसणार नाही. मग प्रतापने दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा एअर क्लीनर आणला. ताटासारखा चपटा, चकचकीत झाकणाचा, चहूबाजूंनी उघडा. दिसायला देखणा. पण इंजिन सुरू झालं आणि त्या उघड्या कडेतून हवा आत खेचली जाताना असा घोगरा आवाज निघाला की मेघालीने पोटावर हात ठेवला.

"अहो, हे घोरतंय! घिवलीपासून केळव्यापर्यंत पोर झोपेल तरी का यात?"

"घोरणारच ना वैनी," प्रताप म्हणाला. "सहा जणं एका नाकातून श्वास घेतायत."

त्यानंतर दोन-तीन आठवडे प्रणव कागदावर आकार काढत बसला. शेवटी ठरलं ते असं: इंजिनासारखाच लांबट, बंद डबा, उंचीला कमी आणि पुढे सोंड असलेला. गार हवा पुढून येणार, आवाज आतच राहणार. प्रतापच्या ओळखीच्या पत्रेवाल्याला बोईसरमध्ये सांगून ठेवलं. "असा डबा केला नाय कदी," तो म्हणाला होता, "वेळ लागेल." प्रणवला घाई नव्हती. मेघाली बाळंतपणाला माहेरी गेली, ती बारशानंतरच येणार होती.

नववा महिना लागला आणि बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती.

पहिल्या बाळंतपणाची रीत सगळ्यांना ठाऊक असते. माहेरून बारशाचं बोलावणं येतं, सासरचे बाळंतविडा आणि पाळणा घेऊन जातात. मग माहेरचे लोक दिवस ठरवतात आणि सासरची माणसं लेकुरवाळीला घेऊन येतात. बोलावल्याशिवाय जायचं नसतं. पण बारसंच नसेल तर बोलावणं कसलं धाडायचं, आणि रिकाम्या हातांनी आलेल्या सुनेला दारात काय ओवाळायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रणव एकदा घिवलीला जाऊन आला. मेघाली आत झोपली होती, निदान तसं सांगितलं. अंगणात चहा पिऊन तो परतला. विहीणबाई साखरबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "पोरीला जरा निवांत ऱ्हाऊ द्या. मंग बगू." दमयंतीने त्याचा अर्थ घेतला, येऊ नका. रामनाथ म्हणाले, "त्यांचं बोलावणं येऊ दे. आपण आगाऊपणा नको."

अशी वाट बघण्यात पावसाळा गेला, दिवाळीही गेली. नवरा-बायकोचं बोलणं मोबाइलवर 'जेवलीस?' 'हो' एवढ्यावर येऊन थांबलं.

मग एका रविवारी प्रताप काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. दमयंती चहा घेऊन शेडकडे निघाली होती, ती सुपारीच्या झाडाशीच थांबली.

प्रतापने कागद सोडला. लांबट, काळा रंग दिलेला, पुढे सोंड असलेला डबा. पत्रेवाल्याने काम अगदी मन लावून केलं होतं. घडलं ते प्रतापला माहीत होतं, पण सांगून ठेवलेली वस्तू तयार झाली, तर काय म्हणून नाही आणायची?

प्रणवने डबा हातात घेतला. सोंडेत बोट फिरवलं. मग तो खाली ठेवून म्हणाला, "राहू दे. तो चपटाच बसव."

"अरे, शांत गाडी पायजे म्हणून माजं डोकं खाल्लंस तू! त्या पत्रेवाल्याला मी किती शिव्या घातल्या."

"आता कोणाची झोप मोडणारे, प्रताप?"

काहीतरी करायचं म्हणून प्रतापने नट-बोल्टचा डबा ओढला आणि चपट्या झाकणाचा नट शोधू लागला. त्याच्या हाताला भलतंच लागलं. "हे काय रे? दगड?" त्याने ते उजेडात धरलं. वाळून टणक झालेला कणकेचा गोळा. कडेने मुंग्यांनी थोडा पोखरलेला. दोन डोळे, तोंड, आणि चपटं नाक.

दमयंतीने लांबूनच तो ओळखला. प्रणवने तो गोळा प्रतापच्या हातातून काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चपटा एअर क्लीनर त्याने स्वतःच बसवला, नट आवळला आणि चालकाच्या जागेवर जाऊन चावी फिरवली.

जोंगा घोरू लागली. त्याने पाय दाबून आवाज चढवला. झाडांवरचे कावळे उडाले, शेडचा पत्रा थरथरला. प्रताप हातवारे करून काहीतरी सांगत होता, ते ऐकू येत नव्हतं. दमयंती पुढे झाली आणि तिला दिसलं. प्रणवचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं, तोंड उघडं, खांदे हलतायत. तो ओरडून रडत होता आणि त्याचं रडणं कुणालाही ऐकू येत नव्हतं. तो आवाज त्याला हवा होता, त्या चपट्या ताटाने दिलेला.

प्रतापनेही ते पाहिलं असावं. तो पाठ फिरवून वाडीत निघून गेला.

दमयंती चहा तिथेच ठेवून मागच्या पायरीवर येऊन बसली. इतके दिवस तिने फक्त या एका पाठीची काळजी केली होती. घिवलीलाही एक स्वयंपाकघर असेल, त्याला खिडकी असेल. साखरबाईसुद्धा तिथून कुणाची तरी पाठ बघत असतील, आणि मनाशी म्हणत असतील, जावई एकदा आला तेवढाच, पुन्हा सासरचं कुणी फिरकलं नाही. आपली पोर त्यांना नको झाली. 'मंग बगू' म्हणजे या ना, असंही असेल. तिने विचारलं कुठे होतं?

रामनाथ पडवीतून आले. "काय चाललंय तिकडे? बंद कर म्हणावं."

"चालू दे," ती म्हणाली. "मी मेघालीला फोन करतेय. आपण तिला आणायला येतोय म्हणून सांगते."

"तिकडून बोलावणं नाही आलं अजून."

"बारशाचं बोलावणं येतं हो. आपल्या नातीचं बारसं झालं नाही."

नात हा शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. रामनाथ पायरीच्या कडेला हळूच टेकले.

"निदान विहीणबाईंना कर आधी," ते म्हणाले. "तशी रीत आहे."

"नाही. तिलाच."

काय बोलायचं ते दमयंतीला सुचत नव्हतं. ये म्हणायचं, की येऊ का विचारायचं? ती नको म्हणाली तर? ती नुसती गप्प राहिली तर? शेडमधला आवाज अजून चढलेलाच होता. आत जाऊन दार लावावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, नको. हे घोरणं मेघाली ओळखते. ऐकू गेलं तर जाऊ दे.

पदराने चष्मा पुसून तिने मेघालीचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.