शेवंताआत्याचा शब्द

शेवंताआत्या कुणाच्याही घरी बसत नसे. दारव्ह्यातल्या आमच्या वस्तीत पक्षाच्या कामाला मतदारयादी घेऊन ती घरोघर फिरायची, पण बोलणं सगळं उंबऱ्याबाहेर, उभ्यानं. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायची, "बसलं की मानूस पाहुना होते. मी कामाची बाई आहो."

पोटासाठी ती ब्लाउज शिवायची. मशीन चालवतानाही एक नजर रस्त्यावर असे. यादीत ती शिसपेन्सिलीनं खुणा करी. आपल्या मतापुढे फुली, समोरच्यांच्या मतापुढे रेघ, आणि 'तुमचा नेता कोन?' असं विचारणाऱ्यांपुढे गोल. "फुली आन् रेघ हालत नाई," ती सांगे, "इलेक्शन गोलाचं असते."

मला शिकायला यवतमाळला पाठवायची बाबांची तयारी नव्हती. तेव्हा आमच्या दारात उभी राहून तिनंच त्यांना सुनावलं, "पोरगी शिकतो म्हनते, तं तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं रे?" आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली ती तिच्यामुळे. विषय राज्यशास्त्र. म्हणूनच पक्षानं शहराध्यक्ष बदलला तेव्हा ती माझ्याकडे आली.

जुने अध्यक्ष, एक निवृत्त गुरुजी, दोनदा हरले होते. त्यांच्या जागी एका कंत्राटदाराचा मुलगा आणला आणि नगराध्यक्षपदाचं तिकीटही त्यालाच दिलं. आत्या दारातच येरझाऱ्या घालत होती.

"तू बुकं वाचली. सांग बरं, नेता बदलला की मतं बदलतेत का?"

"बदलतात, आत्या. लोकांना जिंकणारा चेहरा हवा असतो."

"आन् मानूस कसा हाये, थे कोन पाहन?"

"आधी जिंकायला तर हवं ना!"

हे मी अगदी खात्रीनं बोलले. त्या खात्रीची आज लाज वाटते.

त्या खेपेला यादीत गोलच गोल झाले. लोक विचारत, "शेवंता, ह्या पोराले तू ओळखते का?" ती ओळखत नव्हती. नाही म्हणावं तर पक्ष पडणार, हो म्हणावं तर दारोदारची तिची पत पणाला. वस्तीचं मागणं एकच होतं, सांडपाण्याची नाली. शेवटी तिनं सांगितलं, "माह्या शब्दावर द्या. नाली नाई झाली तं मले धरजा."

पक्ष जिंकला. आमच्या वस्तीतून कधी नव्हे इतकी मतं पडली. मी पेढे घेऊन गेले. तिनं अर्धा खाल्ला, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पावसाळा लागला तसं सांडपाणी नेहमीसारखं घरांत शिरलं. नगराध्यक्ष वस्तीत फिरकले नाहीत. आत्यानं फोन केले, तर कुणीतरी तिसराच उचलून विचारी, "कोन शेवंता?"

एका सकाळी तिनं मशीनवर कापड झाकलं आणि मला हाक मारली. "चल, घरं फिराची आहेत."

"आत्या, निवडणूक तर झाली."

"त्याची झाली. माही नाई झाली."

गोल केलेल्या प्रत्येक घरापुढे उभी राहून ती म्हणाली, "मी चुकली. मले मालूम नव्हतं, तरी हो म्हनलं." कुणी हसलं, कुणी दार लोटलं. पंक्चरच्या दुकानातला यासीनभाई म्हणाला, "अवो बाई, नेते लोक माफी मांगत नाईत, तू काहून मांगून राह्यली?"

"त्याईले तुह्या दारावरून जा लागत नाई, यासीन. मले रोज जा लागते."

शेवटच्या घरी एका म्हातारीनं विचारलं, "बरं, मंग पुढच्या खेपेले कोनाले देऊ?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत याच विषयावर मी पानं भरली होती; इथे मी यादी तिच्याच हातात दिली.

"सांगतो," आत्या म्हातारीला म्हणाली. "पयले त्याले भेटून येतो."

पुढची निवडणूक तिनं पाहिली नाही. यंदा उमेदवाराचं नाव कळलं तशी मी बस धरून त्याच्या घरी गेले. तो घरी नव्हता. उद्या परत जाणार आहे.