अपुरं राहिलेलं वाचन

त्या वर्षी श्रावणात माझा कशावरच विश्वास उरला नव्हता, स्वतःवर तर नाहीच नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. आषाढ पौर्णिमेला ते सुरू होतं आणि अश्विन पौर्णिमेला खीरदानाने संपतं. मी लग्न होऊन मूल या गावी आले तेव्हापासून वाचणारा आवाज एकच होता, माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. विहारातल्या लोकांनी मोठ्या विश्वासाने त्यांची जागा मला दिली. मी शिकलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारी, आवाज खणखणीत. आणि महिन्याभरात मी तो विहार रिकामा करून दाखवला.

मामाजी पोस्टात होते. आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून त्यांनी पत्रं वाचून दाखवली होती, त्यामुळे समोरच्याला कळेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. विहारातही ते अर्धं पान वाचायचे, पुस्तकात बोट ठेवून ते मिटायचे आणि गिरजाबाईकडे बघायचे. गिरजाबाई आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, अंगठा लावणारी, दुसऱ्याच्या शेतात रोजीने जाणारी. "गिरजाबाई, काय समजलं तुले?" असं विचारून मामाजी स्वस्थ बसायचे. मग गिरजाबाई तिच्या पद्धतीने सांगायची. त्यात तिची शेळी यायची, जाऊ यायची, कधीतरी तथागतही यायचे. तिचं सांगून झाल्याशिवाय पुढचं अर्धं पान निघत नसे. मागे बसून मी मनातल्या मनात भागाकार करायची. राहिलेली पानं, राहिलेले दिवस. ह्या वेगाने कसं व्हायचं, म्हणून माझाच जीव खालीवर व्हायचा.

जागा माझ्या हाती आल्यावर मी आधी काय केलं असेल तर तक्ता बनवला. एकूण पानं, एकूण दिवस, रोजची आठ पानं. तो तक्ता मी विहाराच्या भिंतीवर चिकटवला. माईक आणला. मोबाईलवर गट काढला आणि त्यावर रोजचा भाग टाकू लागले. हे सगळं चांगल्यासाठीच होतं, अजूनही मी तसंच म्हणेन. पण विचारायची पद्धत मी बंद केली. गिरजाबाई एकदा मध्येच बोलू लागली तेव्हा मी म्हटलं, "बाई, प्रश्न शेवटी." शेवटी आठ वाजलेले असत आणि सगळ्यांना घरी चुली पेटवायच्या असत. त्यात रोवणीचे, भातलावणीचे दिवस. दिवसभर बांधीत, भाताच्या खाचरात, वाकून धान लावलेल्या बाया बसल्या बसल्या पेंगायच्या. एके दिवशी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी माईकवरून म्हणाले, "झोपायचं असेल तर घरी जाऊन झोपा." दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आली नाही. तिच्या मागोमाग एकेक जण गळत गेलं. एका संध्याकाळी विहारात मी होते आणि खुर्चीत आणून बसवलेले मामाजी होते, बस. मी रिकाम्या सतरंजीला आठ पानं वाचून दाखवली आणि तक्त्यावर खूण केली. आज ते आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र घरी येऊन मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने रडले होते.

मी ठरवलं, रविवारी विहाराच्या समितीला सांगायचं की मला जमत नाही. वाचायला दुसरं कोणी तयार नव्हतं. म्हणजे मामाजींनी इतकी वर्षं कधी खंडू न दिलेलं वाचन माझ्या हाताने बंद पडणार होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांना बोलता येत नव्हतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते बघायचे, आणि त्या बघण्यात काय आहे ते मला वाचता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांना तपासणीसाठी गडचिरोलीला न्यायचं होतं. माझे मिस्टर नोकरीसाठी बल्लारपूरला असतात, त्यामुळे मी एकटीच निघाले. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. स्टँडवर उतरताना मात्र मामाजींचा पाय पायरीवर अडकला आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. मी हाक मारायच्या आत एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या दुसऱ्या काखेत हात घातला. किडकिडीत, गोंदलेल्या हातांची, धानोऱ्याच्या गाडीतून नवऱ्याला घेऊन उतरलेली. नवऱ्याचा पाय सुजला होता, त्यांनाही दवाखान्यातच जायचं होतं. आम्ही एकाच ऑटोने गेलो. दवाखान्यात तिच्या नवऱ्याला एक्स-रेला आत नेलं आणि ती येऊन आमच्याच बाकावर बसली.

नंबर यायला वेळ होता. मी पिशवीतून ग्रंथ काढला आणि मामाजींना हळू आवाजात वाचून दाखवू लागले. खरं सांगते, भक्तीने नाही, त्या दिवसाची आठ पानं तिथेच उरकावी म्हणून. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडून आहे, सोबतचे कोणी त्याला विचारत नाहीत, आणि तथागत स्वतः पाणी आणून त्याला न्हाऊ घालतात, तो भाग होता.

"पोरी, काय वाचून राह्यली वं?" शेजारची बाई म्हणाली. "मले बी ऐकव. पण हळू वाच. मले मराठी धड नाई समजत."

नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. तिने पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा मी पुस्तक मिटून साध्या शब्दांत सांगितलं. मामाजींच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, ती तिने स्वतःच्या पदराने पुसली, आपल्याच घरचं माणूस असल्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे मोठा माणूस सोता पाणी आणाले गेला. दुसऱ्याले नाई धाडलं. अन् त्यानं त्याले आधी इचारलं असंन, कुठी दुखते तुले बापा..."

"तसं नाही बाई," मी लगेच म्हणाले. "यातला मुद्दा वेगळा आहे. यात संघाची जबाबदारी..."

"सांगू... दे."

मी इकडेतिकडे पाहिलं. आवाज माझ्या उजवीकडून आला होता. मामाजींचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरची शीर फुगली होती. उन्हाळ्यापासून ज्या तोंडातून नुसता घरघराट निघत होता, त्या तोंडाने शब्द एकेक करून ओढून काढले. "तिले... सांगू दे."

त्या बाईला काय माहीत की म्हातारा इतके दिवस मुका होता! तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "हो भाऊ, सांगतो ना," असं म्हणून ती पुढे सांगत राहिली. तथागतांनी पाणी कोमट केलं असेल, आजाऱ्याला गार पाणी सोसत नाही. आधी पाय धुतले असतील. पोथीत नसलेलं सगळं ती सांगत होती आणि मामाजी मान हलवत होते. मी तोंडावर पदर धरून ऐकत होते. थोड्या वेळाने तिच्या नवऱ्याला बाहेर आणलं, ती उठली, हात जोडून "जोहार" म्हणाली आणि त्याला धरून निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. ते अजून मनाला लागून आहे.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, तीन-चार महिन्यांनी वाचा परतू लागते. असेलही. आमच्या घरात चमत्काराला जागा नाही, ते मामाजींनीच आम्हाला शिकवलं. मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की बोलायला जीव एकवटला तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही, मुलाचं नाव घेतलं नाही. दुसऱ्याचं ऐक, एवढंच सुनेला सांगितलं.

रविवारी मी समितीकडे गेलेच नाही. गिरजाबाई ज्या बांधीत रोवणीला गेली होती तिथे गेले. मला धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभी बघून सगळ्या बायांचे हात थांबले.

"काऊन आल्या मॅडम? तक्ता नाई आणला?" गिरजाबाईने कंबर सरळ करत विचारलं.

"माफी मागायला आले."

"मंग उतरा चिखलात. हातात पऱ्हे घ्या अन् मागा माफी. आम्हाले रिकामं उभं राहाले टाइम नाई."

मी पऱ्हे, भाताची रोपं, हातात घेऊन उतरले. माझ्या ओळी इतक्या वाकड्या की बायांना दुपारभर हसायला विषय मिळाला. जेवणाच्या सुटीत धुऱ्यावर बसून मी अर्धं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि गिरजाबाईला तिला काय समजलं ते विचारलं. रोवणी संपेपर्यंत वाचन तिथेच झालं, जिथे माणसं होती तिथे. मग ती सगळी पुन्हा विहारात आली, आपणहून. तक्ता मी आधीच काढून टाकला होता. माईक ठेवला, कारण दूर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याने खरंच ऐकू येत होतं. मामाजींचंच सगळं बरोबर आणि माझं सगळं चूक, असंही नव्हतं.

अश्विन पौर्णिमा आली तेव्हा जवळजवळ निम्मा ग्रंथ शिल्लक होता. समारोपाच्या दिवशी मी अपराधी मनाने ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळून मामाजींपुढे धरला. त्यांनी डाव्या हाताने तो गिरजाबाईकडे सरकवला. गिरजाबाई आधी बावरली. मग तिने ग्रंथ मांडीवर घेतला, कापड सोडलंसुद्धा नाही, आणि तीन महिन्यांत ऐकलेलं सांगायला लागली. तासभर सांगत होती. तिच्या सांगण्यात आजारी भिक्खू मूलच्या राइस मिलमधला हमाल झाला आणि तथागतांनी पाणी आणलं ते आमच्या गल्लीतल्या बोअरिंगवरून. कोणी तिला दुरुस्त केलं नाही. इतकी वर्षं कानावर पडलेला धम्म मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

लहानपणापासून मी त्रिसरण म्हणत आले. शरण जाते, शरण जाते, असं तीन-तीनदा म्हणत आले आणि वर्गात, घरात, विहारात मात्र सगळ्यांना माझ्यामागे चालवत राहिले. शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं असंच मला वाटायचं. त्या एका पावसाळ्यात मला उमगलं की आपल्या हातातला वेग खाली ठेवून समोरच्या माणसापाशी थांबणं, हेही शरण जाणंच आहे. दवाखान्यातल्या त्या अनोळखी माउलीचे, गिरजाबाईचे आणि मामाजींचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू?

पंगत उठल्यावर मी मामाजींना खीर भरवत होते. मध्येच त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. बोलले काहीच नाहीत. तोवर त्यांना चांगलं बोलता येत होतं.