चंद्रपूरचं ऊन

"अहो, पडदा ओढा नं. मी काय लिंबाचं लोणचं आहे, उन्हात ठेवायला?"

खराडीच्या आमच्या ऑफिसात दुपारचं ऊन टेबलावर आलं की शेजारच्या खुर्चीतून हे वाक्य यायचं. तुमच्याही ऑफिसात अशी कोणी असेल, पूर्ण बाह्यांची, थंडीतही छत्री बाळगणारी. आम्ही पेठेतली माणसं, टोमण्याशिवाय घास उतरत नाही. मी विचारलं, "रंगाला फार जपता का?"

"रंग गेला चुलीत. ल्युपस आहे मला."

शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, असा हा आजार. ती शक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या ही बाई वर्षानुवर्षं घेत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळ्यांनी पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, त्वचेच्या कॅन्सरचा तर जास्तच, ऊन टाळा. आणि गोळ्या सोडल्या तर बोटं आखडायची. "लेकीची वेणी घालता येते नं, मग बास," ती म्हणायची.

मूळची चंद्रपूरची. लहानपणी भर उन्हात गच्चीवर कुरडया राखत बसायची. पुण्याच्या उन्हाला ती 'कोमट' म्हणायची, आणि त्या कोमट उन्हाकडेही काचेतून भुकेल्यासारखी बघायची. तिच्यासाठी आम्ही टपरीवरचा चहाच दिवस मावळल्यावर नेला. ऊन टाळलं की संकट टळलं, असं आमचं भाबडं गणित.

कातडी शाबूत राहिली. कॅन्सर आला तो मानेतल्या ग्रंथींमध्ये. गोळ्यांमुळेच का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात.

"मला कबूल होतं जी," ती एवढंच म्हणाली. "माझ्या हातच्या वेण्या घालून लेक दहावी पास झाली."

शेवटचा भेटलो तो तिच्या घरी, थंडीतल्या सकाळी. त्या गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या, आता कॅन्सरचे उपचारही थांबले होते. बोटं वाकडी, चहाचा कप लेक तोंडाशी धरत होती. ऊन आत आलं तसा मी सवयीनं पडदा ओढायला उठलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता ठेवा लोणचं उन्हात."

लेकीनं खुर्ची गॅलरीत नेली, आईच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली.

"कोमटच आहे," म्हणाली.

ऑफिसातल्या तिच्या खुर्चीत आता दुसरं कोणी बसतं. तिची फार आठवण येते. दुपारी ऊन माझ्या कीबोर्डवर येतं, मग डोळ्यांवर येतं. मी पडदा ओढत नाही. शेजारून कोणीतरी टोकावं म्हणून वाट बघतो.