नौदलाच्या गाण्याला उठलेला तोफखाना

हवालदारांनी उमेदीची वर्षं तोफखान्यात घालवली आणि तोफखान्याने त्यांचे कान ठेवून घेतले. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. निवृत्तीनंतर त्यांनी नाक्यावर किल्ल्या करून देण्याचं दुकान टाकलं, तेव्हा उजव्या कानाला अगदी जवळून बोललेलं समजत असे. डावा चेहऱ्याची शोभा राखण्यापुरता उरला होता. किल्लीच्या धंद्यात त्याने काही बिघडत नाही. गिऱ्हाईक जुनी किल्ली पुढे करतं, हवालदार ती नव्या किल्लीशेजारी यंत्रात आवळतात, आणि खाच बरोबर पडते आहे की नाही हे बोटांना कळतं.

बहिरेपणाची गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. गल्लीत तर त्यांचा लौकिक शांतपणे ऐकून घेणारा माणूस असा होता. सासवा येत, सुना येत, मन मोकळं करून जात. हवालदार मान डोलवत. त्यांच्या कानावर घातलेलं गुपित कधी फुटलं नाही, कारण ते आत पोचतच नसे.

अडचण वर्षातून एकदाच येई. राष्ट्रीय दिनाला सभागृहात बँडवाले तिन्ही दलांची गाणी वाजवत. आपल्या दलाचं गाणं लागलं की त्या दलातल्या निवृत्तांनी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एवढंच. पण एवढ्यासाठी हवालदार आदल्या दिवशी कोटाला कडक इस्त्री करून आणत आणि पदकं घासून लख्ख करत. मानाची जागा पहिल्या रांगेत. म्हणजे मागचे केव्हा उठले ते दिसायची सोय नाही. ते काम बायको करी. लष्कराचं गाणं सुरू झालं की ती शेजारच्या खुर्चीतून त्यांच्या बुटावर पाय दाबे, आणि हवालदार ताडकन उठत. या बाईचे उपकार आठवायला बसलं की हवालदारांना पहिल्यांदा तो पाय आठवे.

यंदा नेमका तोच पाय प्लास्टरमध्ये होता.

"यंदा नका जाऊ," ती त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली.

"न जाऊन कसं चालेल? लोक म्हणतील, हवालदाराला लष्कराची लाज वाटायला लागली."

"आणि भलत्याच गाण्याला उठलात म्हणजे?"

"आपलं गाणं नुसत्या ढोलाने सुरू होतं. ढोल ऐकावा लागत नाही, छातीत कळतो."

"पित्त झालं तरी तुमच्या छातीत ढोल वाजतात," बायको म्हणाली आणि तिने कोटाची कॉलर सरळ केली.

सभागृहात तिच्या रिकाम्या खुर्चीवर कप्तान येऊन बसला. कप्तान म्हणजे दुकानासमोरचा इस्त्रीवाला. नौदलात असताना तो जहाजावर कपडे धूत असे. गल्लीने त्याला कप्तान केलं आणि त्याने ती बढती निमूट स्वीकारली. "तुमची तोफ एका जागी बसून राहिली, आम्ही समुद्र पाहिला," हा त्याचा टोमणा. "साबणाचा," हे हवालदारांचं उत्तर. दोन्ही रोजचीच असल्यामुळे ऐकण्याची गरज नव्हती.

बँडमास्तर नवा होता, आणि नव्या माणसाला सुधारणा सुचतात. त्याने नौदलाचं गाणं आधी घेतलं आणि त्याच्या सुरुवातीला ढोल घातला. निवेदिकेने माइकवरून हे सगळं नीट सांगितलं. हवालदारांपर्यंत त्यातली फक्त गुणगुण पोचली. मग ढोल वाजला. छातीत.

हवालदार उठले. पाठ ताठ, हनुवटी वर. तेवढ्यात मंचामागच्या पडद्यावर चित्र उमटलं. ते जहाजाचं होतं.

बसावं तर चूक कबूल केल्यासारखं, उभं राहावं तर साऱ्या शहरादेखत नौदलात भरती झाल्यासारखं. पदकांखाली घाम फुटला. तोच त्यांच्या खांद्यावर एक जड हात पडला. त्या खांद्याचा आधार घेत, तोंड वेडंवाकडं करत कप्तान सावकाश उभा राहिला आणि त्यांच्या उजव्या कानाला चिकटून म्हणाला, "हलू नका. माझा गुडघा धरलाय."

लोकांना दिसलं ते असं, की लष्कराचा एक म्हातारा नौदलाच्या म्हाताऱ्याला हात द्यायला आधीच उठून उभा राहिला होता. टाळ्या इतक्या झाल्या की हवालदारांनाही थोड्या ऐकू आल्या.

पुढच्या गाण्याला कप्तानने त्यांचं कोपर ओढलं. "आता तुमचं. चला." दोघं पुन्हा उठले. कप्तान या वेळी कारण नसताना उभा होता, पण खांदा सोडायला तयार नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्या कप्तान टणाटण उतरला. हवालदार वरच थबकले.

"गुडघा?"

कप्तान परत वर आला आणि उजव्या बाजूला उभा राहून म्हणाला, "गुडघ्याला काय धाड भरलीय?" आणि मग हवालदारांच्या लक्षात आलं, की हा माणूस नेहमी उजव्याच बाजूला उभा राहतो.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ओळखलं होतं.

"मी दरवर्षी तुमच्या मागच्या रांगेत असतो, हवालदार. वहिनींचा पाय दिसतो मला."

"मग इतकी वर्षं बोललास का नाहीस?"

"बोलून काय उपयोग होता?"

हवालदार हसले. आभार म्हणून त्यांनी कप्तानला सरळ घरी नेलं.

हवालदार जवळ येऊन वाकताच बायकोने विचारलं, "उठलात ना वेळेवर?"

"दोनदा," हवालदार म्हणाले, आणि तिच्या शेजारची खुर्ची त्यांनी कप्तानसाठी ओढली.